वेरूळच्या घरात पाहुणे ठेवायचे आहेत: कोणते कागद, कुठून आणि कोणत्या क्रमाने

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई आणि त्यांचे यजमान छत्रपती संभाजीनगरात नोकरीला आहेत. वेरूळ गावठाणात सासऱ्यांचं जुनं घर आहे. सासू-सासरे तिथेच राहतात आणि तीन खोल्या रिकाम्या आहेत. शहरात सिडको भागात एक फ्लॅटही आहे. दोन्ही जागा पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने द्यायच्या, एअरबीएनबी या बुकिंग साइटवर टाकायच्या असा विचार आहे. ‘लायसन्स कोणतं लागतं आणि ते कुठे मिळतं?’ शिवाय तुळजापूरला त्यांचे दीर नवरात्रात घरातल्या खोल्या भाविकांना देतात, त्यांनाही काही लागतं का, असंही त्यांनी विचारलंय.

ताई, ‘घरात पाहुणे ठेवण्याचं लायसन्स’ असा एकच कागद आपल्याकडे नाही, म्हणून तो कुठल्या एका खिडकीवर मिळतही नाही. जागेचे कागद महसूल आणि ग्रामपंचायतीकडे, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे, पाहुण्यांची माहिती पोलिसांकडे, वीज महावितरणकडे, कर जीएसटी आणि आयकराकडे, अशी ही विभागणी आहे. मी या भागातल्या घरमालकांचे हे कागद बरीच वर्षं करतोय. सगळ्यात जास्त त्रास मी चुकलेल्या क्रमामुळे झालेला पाहिलाय. लोक आधी फोटो काढतात, जाहिरात टाकतात, बुकिंग घेतात आणि शेजाऱ्याची तक्रार गेली की कागदांमागे धावतात. तुम्ही बुकिंग घ्यायच्या आधी विचारताय, त्यामुळे सगळं नीट लावता येईल.

सुरुवात जागेपासून. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो, आणि स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झालेल्या गावांत मालमत्ता पत्रकही मिळतं. दोन्ही काढा आणि त्यावर नाव कोणाचं आहे ते बघा. कितीतरी घरांवर अजून आजोबांचंच नाव असतं. वारस नोंद झालेली नसते, चुलत्यांचा हिस्सा तोंडी ठरलेला असतो. जोपर्यंत घरात फक्त आपली माणसं राहतात तोपर्यंत कुणी काही बोलत नाही. खोलीचे पैसे यायला लागले की बोलणं सुरू होतं. सासऱ्यांच्या एकट्याच्या नावावर घर असेल तर उत्तम. नसेल तर आधी वारस नोंद करा आणि सहहिस्सेदारांचं संमतीपत्र नोटरी करून घ्या. पर्यटन नोंदणीच्या वेळी मालकीचा पुरावा मागतातच, तेव्हा हे काम टळणार नाही.

गावठाणात असल्यामुळे तुमचा बिगरशेतीचा प्रश्न येत नाही. पण हे वाचणाऱ्या ज्यांचं घर शेतात आहे, फुलंब्रीकडे, पैठण रस्त्याला किंवा म्हैसमाळच्या बाजूला, त्यांनी जमीन महसूल संहितेतली ४२-ड तरतूद समजून घ्यावी. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला आराखड्यातल्या वापरापुरती वेगळी अकृषिक परवानगी लागत नाही. त्याबाहेर शेतात चार खोल्या बांधून ‘फार्म स्टे’ असा फलक लावला तर तो शेतीचा वापर राहत नाही.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईचे सल्लागार सांगत नाहीत. हा मुलुख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे इथे खिदमतमाश (देवस्थान-दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेल्या), मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या) अशा इनामी जमिनी पुष्कळ आहेत आणि त्यांची मुळं हैदराबादच्या जुन्या कायद्यांत आहेत. खुलताबाद, पैठण, अंबाजोगाई, तुळजापूर या तीर्थांच्या आणि दर्ग्यांच्या गावांत तर जास्तच. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (म्हणजे हस्तांतरावर सरकारी निर्बंध असलेली जमीन) लिहिलेलं असेल किंवा इतर हक्कात देवस्थान, इनाम, वक्फ असा उल्लेख असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय वापर बदलू नका आणि बांधकामात पैसा घालू नका. ‘आमच्याकडे कुणी विचारत नाही’ हे वाक्य मी फार ऐकलंय. विचारतात. एखाद्या वारसाने अर्ज दिला की त्याच दिवशी विचारतात.

आता वेरूळचा खास मुद्दा. तो मी जरा लांबवून सांगतो, कारण घर लेण्यांच्या गावात आहे.

प्राचीन स्मारकांचा केंद्राचा कायदा १९५८ चा आहे. २०१० मध्ये त्यात मोठा बदल झाला. त्यानुसार केंद्र संरक्षित स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून चारही बाजूंनी १०० मीटर हा प्रतिबंधित भाग आणि त्यापुढचे २०० मीटर हा विनियमित, म्हणजे बांधकामावर नियंत्रण असलेला भाग. प्रतिबंधित भागात नवीन बांधकाम करताच येत नाही. विनियमित भागात करायचं तर राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या यंत्रणेतून ना हरकत घ्यावी लागते. हे अंतर लेण्याच्या दारापासून किंवा कळसापासून मोजत नाहीत, संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून मोजतात. गावातला माणूस म्हणतो, ‘लेणं कुठं, माझं घर कुठं’, पण संरक्षित क्षेत्राची सीमा बरीच अलीकडे येऊन थांबलेली असू शकते. म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या छत्रपती संभाजीनगर मंडळ कार्यालयात गट क्रमांक आणि नकाशा घेऊन जा, आणि आपली जागा कोणत्या पट्ट्यात येते ते लेखी मागा. दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा, औरंगाबाद लेणी, खुलताबादची औरंगजेबाची कबर, अजिंठा, पितळखोरा, या सगळ्यांच्या आसपासच्या घरांना हेच लागू आहे. राज्य संरक्षित स्मारकांचा कायदा वेगळा आहे, तिथे राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे विचारायचं.

घाबरून जाऊ नका. असलेल्या घरात पाहुणा झोपवणं म्हणजे बांधकाम नव्हे. त्यासाठी पुरातत्त्वची परवानगी लागत नाही. अडचण पुढे येते. पाहुण्यांसाठी संडास-बाथरूम काढायचं ठरतं, गच्चीवर पत्र्याची खोली टाकायची ठरते, गुत्तेदार म्हणतो आठ दिवसांत करून देतो, आणि प्रतिबंधित भागात स्लॅब पडतो. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण प्रतिबंधित भागातही करता येतं, पण परवानगी घेऊन. परवानगीशिवाय केलेल्या बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे, आणि बांधकाम पाडलं जातं ते वेगळंच. तुमच्या तीन खोल्यांना जोडून बाथरूम नसेल तर नवीन काढण्याआधी हा तपास कराच. तोपर्यंत आहे त्या बाथरूमवर दोनच खोल्या चालवा. पाहुणे कमी येतील, पण सासऱ्यांना नोटीस येणार नाही.

घर किती जुनं आहे तेही तुम्ही लिहिलेलं नाही. माळवदाचं असेल, दगड-मातीच्या भिंती आणि वर लाकूड-मातीचं छत असेल, तर पर्यटकांना ते फार आवडेल, उन्हाळ्यात आत थंडही असतं. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरात माणसं कशाखाली गाडली गेली हे आपल्या भागाला सांगावं लागत नाही. जड माळवदं आणि मातीत बांधलेल्या दगडी भिंती. आपण स्वतःच्या घरात आपल्या जबाबदारीवर झोपतो. पैसे घेऊन दुसऱ्याच्या लेकराबाळांना झोपवताना आधी एखाद्या परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून लेखी प्रमाणपत्र घ्या. तुमच्याकडून हा कागद कुणी मागो वा न मागो, मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तो करायला लावतो. सोबत वायरिंग बघून घ्या, अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारं ब्रेकर बसवा, प्रत्येक मजल्यावर अग्निशामक नळकांडं ठेवा. आणि बंद बाथरूममध्ये गॅस गीझर अजिबात नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने आंघोळीला गेलेली माणसं दगावलेली आहेत. सोलर किंवा विजेचा गीझर बसवा.

जागा ठीक निघाली की नोंदणी. महाराष्ट्रात घरगुती निवासासाठी ‘निवास व न्याहारी’ योजना आहे. ती आधी पर्यटन महामंडळ बघायचं, आता पर्यटन संचालनालय बघतं. मराठवाड्यासाठी संचालनालयाचं प्रादेशिक कार्यालय छत्रपती संभाजीनगरातच आहे, उपसंचालक तिथे बसतात. अर्ज, मालकीचा पुरावा, ओळखपत्रं, वीज बिल, घरपट्टीची पावती, खोल्यांचे फोटो, पोलिसांकडचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र असा साधारण संच असतो. नंतर अधिकारी येऊन घर बघतात. स्वच्छ अंथरूण-पांघरूण, हवा-उजेड, पिण्याचं पाणी, शौचालय, एवढं नीट असेल तर पाहणीत अडचण येत नाही. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचीही अशीच योजना आहे. तिच्यात सहा खोल्या आणि बारा खाटांपर्यंतचं घर बसतं, सिल्व्हर आणि गोल्ड अशा दोन श्रेणी आहेत, आणि मुख्य अट म्हणजे मालक कुटुंबासह त्याच घरात राहत असला पाहिजे. तुमचे सासू-सासरे तिथे राहतात, म्हणून वेरूळचं घर या व्याख्येत अगदी चपखल बसतं. फ्लॅट बसत नाही. त्याचं पुढे सांगतो.

एअरबीएनबीवर जाहिरात टाकायला ही नोंदणी कुणी मागत नाही, मग करायची कशाला, असं लोक विचारतात. माझं उत्तर असं की उद्या पोलीस, ग्रामपंचायत, वीज कंपनी किंवा बँक यांच्यापैकी कुणीही ‘तुम्ही हे काय चालवताय’ असं विचारलं, तर घरगुती निवास आहे, लॉज नव्हे, हे सांगणारा सरकारी कागद तोच. एकदा तुमची गणना लॉजमध्ये झाली की वापर, अग्निसुरक्षा आणि करांचे नियम बदलतात, आणि तीन खोल्यांच्या उत्पन्नात ते परवडत नाहीत.

शक्य असेल तर नोंदणी सासूबाईंच्या किंवा तुमच्या नावाने करा, सासऱ्यांच्या लेखी संमतीने. राज्याने २०२३ मध्ये ‘आई’ हे महिलाकेंद्रित पर्यटन धोरण आणलं. त्यात महिलेच्या मालकीच्या आणि संचालनालयाकडे नोंदलेल्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो. व्याजदर १२ टक्क्यांच्या मर्यादेत, जास्तीत जास्त सात वर्षं किंवा साडेचार लाख रुपये यांतलं जे आधी होईल तोपर्यंत. हप्ते वेळेवर गेले पाहिजेत. व्यवसाय खरोखर त्या बाईने चालवायला हवा, फक्त नाव लावून पुरुषाने चालवलेला नको. तुमच्या सासूबाई तिथे राहून सगळं बघणार असतील तर त्यांचं नाव हेच योग्य नाव आहे. मुद्रा कर्जही होमस्टेला देण्याची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आहे. ज्यांच्याकडे किमान एक एकर शेती आहे त्यांनी मात्र निवास व न्याहारीऐवजी २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी करावी. शेतकऱ्याला तीच सोयीची पडते.

ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला या सगळ्यात लागतोच, म्हणून घरपट्टी-पाणीपट्टीची बाकी आधी भरून टाका. दाखला मासिक सभेच्या ठरावाच्या क्रमांकासह घ्या. सरपंचांच्या लेटरहेडवरचा दोन ओळींचा कागद पुढे उपयोगी पडत नाही.

विजेचं प्रकरण लहान वाटतं, पण झटका मोठा बसतो. घरगुती मीटरवर व्यवसाय चाललेला आढळला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो. बिल लागू असलेल्या दराच्या दुपटीने, आणि कधीपासून चाललंय ते ठरवता आलं नाही तर तपासणीच्या आधीच्या १२ महिन्यांचं. म्हणून नोंदणीचा दाखला हातात आला की महावितरणच्या उपविभागात लेखी अर्ज द्या की आमच्याकडे नोंदणीकृत घरगुती निवास आहे, कोणती वर्गवारी लागू होते ते कळवा. अर्जावर पोच घ्या. तोंडी ‘चालतं’ म्हणणारा वायरमन उद्या बदलून जातो.

आता पोलीस. माझ्या मते या सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे आणि लोक सगळ्यात हलगर्जीपणा इथेच करतात. वेरूळ ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतं, फ्लॅट शहर आयुक्तालयाच्या. आयुक्तालयाच्या हद्दीत भाडेकरू आणि मुक्कामी माणसांची माहिती देण्याबाबत वेळोवेळी आदेश निघतात, आणि ते मोडले तर गुन्हा दाखल होतो. ग्रामीण भागातही सणासुदीला, निवडणुकीला असे आदेश येतात. सुरू करण्याआधी आपल्या ठाण्यात जाऊन भेटा, लेखी कळवा, बीट अंमलदाराचा नंबर घ्या.

आणि रजिस्टर ठेवा. पानांना क्रमांक घातलेली जाड वही. प्रत्येक प्रौढ पाहुण्याचं नाव, कायमचा पत्ता, मोबाइल, कुठून आला, कुठे जाणार, गाडीचा क्रमांक, ओळखपत्राचा प्रकार, येण्याची आणि जाण्याची तारीख-वेळ, सही. एका माणसाच्या नावावर बुकिंग आणि आत सहा जण, असं होऊ देऊ नका. सहाही जणांची नोंद हवी. आधारची झेरॉक्स मात्र गोळा करू नका. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवरून शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार मिळतं, ते बघा, नाहीतर वाहन परवाना किंवा मतदार कार्ड चालतं. लोकांच्या ओळखपत्रांचा गठ्ठा उघड्या कपाटात पडलेला मी कितीतरी ठिकाणी पाहिलाय. ती दुसऱ्याची ठेव आहे. लागेल तेवढीच माहिती घ्या, कुलपात ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो नोंद झाली की पुसून टाका.

परदेशी पाहुणा असेल तर नियम कडक आहे. वेरूळ-अजिंठ्याला जपान, कोरिया, थायलंड, श्रीलंकेहून बौद्ध यात्रेकरू येतात, युरोपातले पर्यटक येतात, म्हणजे तुमच्याकडे हा प्रसंग येणारच. परदेशी माणूस मुक्कामाला आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन पोर्टलवर भरावी लागते. इतकी वर्षं याला ‘सी फॉर्म’ म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ पासून जुने कायदे जाऊन इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अ‍ॅक्ट २०२५ लागू झाला आहे, पण माहिती देण्याची जबाबदारी तशीच आहे, आणि ती घरगुती निवासालाही आहे. पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही बघायचे, व्हिसाची मुदत तपासायची. पोर्टलवर खातं उघडल्यावर ते स्थानिक परदेशी नोंदणी अधिकाऱ्याकडून मंजूर व्हावं लागतं, आणि त्याला दिवस जातात. वेरूळसाठी ते काम पोलीस अधीक्षक कार्यालयात होतं. म्हणून पहिला परदेशी पाहुणा दारात उभा राहण्याआधीच खातं उघडून ठेवा. सासू-सासऱ्यांना मोबाइलवर हे जमणार नसेल तर त्यांनी पासपोर्टचा फोटो पाठवायचा आणि तुम्ही शहरातून त्याच संध्याकाळी फॉर्म भरायचा, अशी घरात वाटणी ठरवा.

अविवाहित जोडप्यांबद्दल लोक दबकत विचारतात. दोघेही सज्ञान असतील, दोघांची ओळखपत्रं नोंदली असतील, तर त्यांना खोली देण्यात कायद्याचा भंग नाही. घरात सासू-सासरे आहेत, तुमचा नियम वेगळा असेल तर तो जाहिरातीतच लिहा, माणसं दारात आल्यावर सांगू नका. अल्पवयीन मुलगा किंवा मुलगी पालकांशिवाय आली तर मात्र कोणत्याही कारणाने खोली नाही. कॅमेरा फाटकावर आणि अंगणात लावा आणि तसा फलक लावा. खोलीत किंवा बाथरूमच्या दिशेला कॅमेरा हा गंभीर गुन्हा आहे.

जेवण देणार असाल, आणि द्याच, कारण ज्वारीची गरम भाकरी, ठेचा, येसर आमटी यासाठी लोक परत येतात, तर एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मूलभूत नोंदणी करा. ती ऑनलाइन होते आणि फी नाममात्र आहे. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल तर जिल्हा प्रयोगशाळेत तपासून अहवाल ठेवा. दारू विकायची नाही, पाहुण्याला आणूनही द्यायची नाही. त्यासाठी उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि तो घरगुती निवासाचा विषयच नाही.

कराचं गणित लोकांना वाटतं तेवढं भीतीदायक नाही. सेवांचा व्यवसाय वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. एअरबीएनबीसारख्या प्लॅटफॉर्मवरून येणाऱ्या बुकिंगवर, तुम्ही नोंदणीकृत नसलात तरी कर लागतो, पण तो जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) मुळे प्लॅटफॉर्मच पाहुण्याकडून घेऊन भरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर दर ५ टक्के आहे. म्हणजे १,८०० च्या खोलीवर ९० रुपये, आणि ते तुमच्या खिशातून जात नाहीत. थेट फोन करून आलेल्या पाहुण्याकडून तुम्ही नोंदणीशिवाय जीएसटी घ्यायचा नाही, तो गुन्हा आहे. आयकरात हे उत्पन्न दाखवायचंच. प्लॅटफॉर्म ०.१ टक्का टीडीएस कापतो. व्यक्तीच्या नावावर वर्षाला ५ लाखांपर्यंत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर तोही कापत नाहीत. पॅन दिलं नाही तर ५ टक्के जातात. पैसे ज्याच्या नावाने नोंदणी आहे त्याच्याच खात्यात यावेत. नोंदणी सासूबाईंची, बँक खातं मुलाचं आणि घर सासऱ्यांचं, अशी गुंतागुंत केली की सीएपण हैराण होतो. व्यवसाय कराची नावनोंदणी वर्षाला २,५०० रुपयांची आहे. हाताखाली मोजकीच माणसं असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी नव्हे, ऑनलाइन सूचना पुरते.

आता सिडकोतला फ्लॅट. इथे माझं मत स्पष्ट आहे: दिवसाच्या भाड्याने देऊ नका.

तिथे तुम्ही राहत नाही, म्हणून केंद्राच्या घरगुती निवासाच्या व्याख्येत तो बसत नाही. सिडकोच्या जागा भाडेपट्ट्याने दिलेल्या होत्या, आणि भाडेपट्ट्यात निवासी वापराची अट असते. तुमचा करार काढून वाचा. त्यावर सोसायटी आहे. सोसायटीच्या आदर्श उपविधीत सदस्याने फ्लॅट पोटभाड्याने देताना आधी कळवायचं असतं, आणि बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. पण ही तरतूद लिव्ह अँड लायसन्सवर राहायला येणाऱ्या कुटुंबासाठी आहे. दर दोन दिवसांनी बॅगा घेऊन नवी माणसं लिफ्टमध्ये येणं हे शेजाऱ्यांना मान्य होत नाही, आणि त्यांची बाजू मला पटते. जिन्यात लहान मुलं खेळतात, एकट्या म्हाताऱ्या बायका राहतात. शिवाय संभाजीनगरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पाहुणे दिवसातून दोनदा शॉवर घेतात आणि टाकी सगळ्यांची रिकामी होते. याच एका कारणावरून तक्रारी पोलीस ठाण्यापर्यंत गेलेल्या मी पाहिल्यात. फ्लॅट ११ महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर एखाद्या कुटुंबाला द्या, भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या आणि निश्चिंत व्हा. तरीही दिवसाने द्यायचाच असेल तर सर्वसाधारण सभेचा लेखी ठराव घ्या. अध्यक्षांचा होकार पुरत नाही, समिती बदलते.

लातूरच्या काही वाचकांनी विद्यार्थ्यांना खोल्या देण्याबद्दलही हाच प्रश्न केलाय. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठी वर्षभर राहणारा विद्यार्थी पर्यटक नव्हे. तिथे करार आणि भाडेकरू माहिती लागते, वसतिगृहासारखं चालवत असाल तर महापालिकेची अग्निसुरक्षा लागते. निवास व न्याहारीचा त्याच्याशी संबंध नाही.

तुळजापूरच्या तुमच्या दिरांचं. तिथे पुजाऱ्यांच्या घरी भाविकांनी उतरणं ही पिढ्यानपिढ्यांची रीत आहे. ठरलेली घराणी ठरलेल्या पुजाऱ्याकडेच येतात, घरची माणसं म्हणून राहतात, त्यात कुणी परवाना विचारत नाही आणि विचारूही नये. पण ओळखपाळख नसलेल्या माणसाला माणशी किंवा खोलीमागे दर सांगून ठेवलं, की तो ग्राहक झाला. ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो, काही विपरीत घडलं तर जबाबदारी घरमालकाची. नऊ दिवसांपुरतं आहे म्हणून सूट नाही. उलट नवरात्रात बंदोबस्त सगळ्यात कडक असतो. त्यांनी नगर परिषदेकडे आणि तुळजापूर ठाण्यात लेखी कळवावं, रजिस्टर ठेवावं आणि वर्षभर अधूनमधून खोल्या देत असतील तर सरळ निवास व न्याहारीत नोंदणी करावी. एका खोलीत दहा-बारा माणसं दाटीवाटीने झोपवायची तिथे पद्धत आहे. ती मोडा म्हणावं. खोलीमागे माणसांचा आकडा ठरवून दारावर लिहा, बाहेर पडायची वाट सामानाने अडवू नका, आणि गॅसची शेगडी-टाकी घेऊन येणाऱ्या भाविकांना स्वयंपाक अंगणातच करू द्या, खोलीत नाही. घटस्थापनेच्या आधी महिनाभर हे अर्ज दिले तर कार्यालयांत माणसं निवांत भेटतात. नंतर सगळे बंदोबस्तात असतात आणि कागद टेबलावरच राहतो.